समाजवाद की मुक्त बाजार: वादाला उभं राहण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वादविवाद स्पर्धेचा विषय कळवलास: समाजवाद श्रेष्ठ की मुक्त बाजार. कोणत्या बाजूने बोलायचं ते आयत्या वेळी चिठ्ठी काढून ठरणार, म्हणून दोन्हीकडची तयारी चालू आहे. पण तुझा खरा प्रश्न पत्राच्या शेवटी दोन ओळींत आलाय. मागच्या वेळी तू समाजवादाच्या बाजूने बोलत असताना समोरच्याने “तुमच्या विचारांनी कोट्यवधी माणसं मारली” असं सुनावलं, आणि त्यानंतर तुला बोलवेना. रात्रभर विचार करत राहिलीस की तो म्हणाला ते खरं असेल तर मग मी कशाची बाजू घेतेय?

तुला बोलवलं नाही याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही. कोट्यवधी मरणांचा उल्लेख ऐकूनही जिची पाठ केलेली वाक्यं अडखळत नाहीत, तिची मला जास्त काळजी वाटली असती. त्या वाक्याला उत्तर आहे आणि ते मी पुढे देणार आहे. पण त्याआधी थोडी मशागत करावी लागेल.

न्याय या जुन्या भारतीय तर्कशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य काय ते कळावं म्हणून दोघांनी केलेला तो वाद. काहीही करून जिंकायचं म्हणून केलेला तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत राहायचं ती वितंडा. या विषयावरची बहुतेक भाषणं तिसऱ्या प्रकारात मोडतात. एकाने गुलाग, म्हणजे सोव्हिएत सक्तमजुरीच्या छावण्या, काढायच्या, दुसऱ्याने बालमजुरी काढायची, टाळ्या मोजायच्या आणि घरी जायचं. स्पर्धेत जिंकावं लागतं हे मला कळतं, परीक्षक गुण देतात हेही कळतं. तरी तयारी वादाची कर. वादाची तयारी असलेला माणूस जल्पातही सहसा हरत नाही, कारण समोरचा काय काय म्हणू शकतो हे त्याला आधीच माहीत असतं.

शब्दांचा गुंता आधी सोडवून टाकू. समाजवादाच्या बाजूने बोलणारा हटकून स्वीडनचं नाव घेतो. तिथले बहुतेक उद्योग खासगी मालकीचे आहेत. किमान वेतनाचा कायदा तिथे नाहीच. कामगार संघटना आणि मालकांच्या संघटना आपसांत करार करून वेतन ठरवतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सरकारी पैशावर खासगी शाळा चालतात. डेन्मार्कच्या पंतप्रधानांना तर २०१५ साली अमेरिकेतल्या एका भाषणात सांगावं लागलं होतं की आमचा देश समाजवादी नियोजनाचा नाही, बाजार अर्थव्यवस्थेचा आहे. उलट बाजाराच्या बाजूने बोलणारा सिंगापूरचं नाव घेतो. तिथली बहुतांश जमीन सरकारच्या मालकीची आहे आणि दर पाचांतले जवळजवळ चार रहिवासी सरकारी मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात. म्हणजे दोघेही ज्याचा झेंडा मिरवतात तो देश अर्धा दुसऱ्याच्या गोटात असतो.

म्हणून पहिल्याच मिनिटात विचार: आपण कशाबद्दल बोलतोय? कारखान्यांची मालकी कोणाकडे असावी, किमती कोणी ठरवाव्यात, की कर गोळा करून कोणाला काय द्यावं? हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. एखादा माणूस तिन्हींना तीन वेगळी उत्तरं देऊ शकतो, आणि तो गोंधळलेला आहे असं मुळीच नसतं.

दुसरी सवय लावून घे ती तुलनेची. आपल्या बाजूचं पुस्तकातलं रूप आणि समोरच्याच्या बाजूचं रस्त्यावरचं रूप, अशी तुलना सर्रास चालते. “खरा समाजवाद अजून कुठे आलाच नाही” असं म्हणणारा आणि “खरा मुक्त बाजार अजून कुठे आलाच नाही” असं म्हणणारा, दोघं सख्खे भाऊ आहेत. आदर्शाशी आदर्श ताडून पाहा, प्रत्यक्षाशी प्रत्यक्ष. जी सूट स्वतःला घेशील तीच समोरच्याला दे.

आता मुद्द्यावर येतो. तुला एकच गोष्ट सांगायची असती तर ही सांगितली असती, बाकीचं पत्र लिहिलंच नसतं.

कोणत्याही अर्थव्यवस्थेला रोज एक अवाढव्य काम करावं लागतं. असंख्य माणसांना काय हवंय, ते बनवायला कोणाकडे काय आहे, आणि एका कामासाठी वापरलेली वस्तू दुसऱ्या कोणत्या कामातून कमी होते, हे तिला कळावं लागतं. त्यासाठी तिला कान लागतात. बाजाराचा कान म्हणजे किंमत. नियोजनाचा कान म्हणजे खालून वर जाणारा अहवाल. दोन्ही कानांना पुष्कळ ऐकू येतं, आणि दोन्ही कान ठरावीक आवाजांना ठार बहिरे आहेत. ‘कोणती व्यवस्था चांगली’ हा प्रश्न पुसून टाक आणि त्या जागी हा लिही: या व्यवस्थेला कोणाचा आवाज ऐकू जात नाही, आणि तो ऐकवायचा कसा? हा प्रश्न हातात असला की तुला कोणत्याही बाजूने प्रामाणिकपणे बोलता येईल.

या वादाचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. १९२० साली बाजाराचे समर्थक अर्थतज्ज्ञ लुडविग फॉन मिझेस यांनी लिहिलं की उत्पादनाच्या साधनांचा बाजारच नसेल तर त्यांना किंमत नसेल, आणि किंमत नसेल तर पूल पोलादाचा बांधावा की दगडाचा याचा हिशोबच करता येणार नाही. १९३० च्या दशकात ओस्कार लांगे या समाजवादी अर्थतज्ज्ञाने त्यावर तोडीचं उत्तर दिलं: नियोजन मंडळ किंमत जाहीर करेल, माल उरला तर ती उतरवेल, तुटवडा पडला तर चढवेल, बाजार तरी दुसरं काय करतो? मग १९४५ मध्ये बाजाराच्याच बाजूचे अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश हायेक यांनी वादाचा रोखच बदलला. प्रश्न गणिताचा नाहीच, ते म्हणाले. लागणारी माहिती कोणत्याही एका ठिकाणी नसते, ती ज्याच्या त्याच्या कामात, त्या त्या जागी, त्या त्या क्षणी विखुरलेली असते. त्यांचं कथलाचं उदाहरण तयारीत ठेव. जगात कुठेतरी कथलाची नवी गरज निर्माण झाली किंवा एखादी खाण बंद पडली, तर कथील महाग होतं. वापरणारे लाखो लोक आपोआप जपून वापरू लागतात. भाव का चढला हे त्यांतल्या बहुतेकांना माहीत नसतं, आणि माहीत असण्याची गरजही नसते. हे सहज घडतं म्हणून आपल्याला त्याचं नवल वाटत नाही. वाटायला हवं.

या सगळ्या नावांपेक्षा मला जवळचा वाटतो तो लिओनिद कांतोरोविच. १९३८ साली, लेनिनग्राडमध्ये, सव्वीस वर्षांचा हा गणिती होता. प्लायवूड बनवणाऱ्या एका सरकारी संस्थेने त्याला एक साधासा प्रश्न विचारला: लाकडं निरनिराळ्या जातींची आहेत, यंत्रं निरनिराळ्या प्रकारची आहेत, कोणतं यंत्र कोणतं लाकूड किती वेगाने सोलतं ते ठाऊक आहे, तर कोणतं लाकूड कोणत्या यंत्राला लावलं म्हणजे एकूण माल जास्तीत जास्त निघेल? तो सोडवताना त्याने जी रीत शोधली तिला आज आपण रेषीय प्रायोजन (लिनिअर प्रोग्रॅमिंग) म्हणतो. पण गंमत पुढेच आहे. उत्तराबरोबर प्रत्येक साधनाला एक आकडा चिकटून आला: हे साधन थोडं जास्त मिळालं तर माल किती वाढेल, हे सांगणारा. तो आकडा म्हणजे त्या साधनाची किंमतच! बाजार नाही, दुकान नाही, नफा नाही, निव्वळ नियोजनाच्या गणितातून किंमत वर आली. वरच्यांना हे रुचलं नाही, भांडवलदारी अर्थशास्त्राचा वास आला. त्याचं मोठं पुस्तक यायला १९५९ उजाडलं. १९७५ साली त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याल्लिंग कोपमन्स यांच्याबरोबर विभागून. कांतोरोविच समाजवादाचा वैरी नव्हता. नियोजन सुधारावं म्हणूनच तो आयुष्यभर खपला.

चिठ्ठीत बाजाराची बाजू आली तर तू म्हणू शकशील: बघा, नियोजनालाही किंमतीवाचून गत्यंतर नाही. समाजवादाची आली तर म्हणशील: बघा, किंमत मिळवायला खासगी मालकी लागतेच असं नाही. दोन्ही मुद्दे खरे आहेत. मला मात्र तिसरंच महत्त्वाचं वाटतं. कांतोरोविचच्या गणिताला प्रत्येक यंत्राचा खरा वेग हवा. आणि सोव्हिएत कारखान्याचा व्यवस्थापक तो खरा सांगत नसे, कारण यंदा जास्त करून दाखवलं की पुढच्या वर्षी उद्दिष्ट वाढवून मिळायचं. तो क्षमता दडवून ठेवायचा, कच्चा माल साठवून ठेवायचा, आणि त्याच्या जागी तू-मी असतो तर आपणही तेच केलं असतं. माणूस वाईट असावा लागत नाही. खरं सांगितल्यावर शिक्षा होते अशी रचना असली की पुरे. गणित अचूक, यंत्रं उत्तम, आणि कानात शिरणारी माहिती खोटी.

इथून तुझ्या त्या प्रतिस्पर्ध्याच्या वाक्याकडे जाता येतं.

चीनमध्ये १९५८ साली शेती कम्यूनमध्ये, म्हणजे सामूहिक वसाहतींत, घालण्यात आली. वरून उद्दिष्टं आली, खालून फुगवलेले आकडे गेले, कारण शेजारच्या जिल्ह्याने दुप्पट पीक सांगितल्यावर आपण खरं सांगणं म्हणजे स्वतःवर संकट ओढवून घेणं. त्या फुगीर आकड्यांच्या हिशोबाने सरकारने धान्य उचललं. कागदावरच्या पिकातून वाटा घेतला गेला तो प्रत्यक्षातल्या कोठारातून. १९५९ मध्ये धान्याची निर्यातही चालू होती. त्याच वर्षी लुशान इथल्या पक्षाच्या बैठकीच्या वेळी संरक्षणमंत्री पंग दहुआई यांनी माओंना पत्र लिहून हे कानावर घातलं. त्यांना पदावरून काढण्यात आलं. देशाच्या संरक्षणमंत्र्याचं असं होतं हे पाहिल्यावर गावचा कारकून कशाला तोंड उघडेल? किती माणसं मेली याचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. समाजवादाच्या बाजूने बोलणार असशील तर हे तू स्वतः, समोरच्याने काढण्याआधी सांग. निसर्गावर ढकलू नकोस. पावसाने दगा दिला होता असं म्हणून ही गोष्ट सुटत नाही.

आता दुसरी बाजू. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. गरीब शेतमजुराचं पोट बटाट्यावरच होतं. सुमारे दहा लाख माणसं मेली, आणखी सुमारे दहा लाख देश सोडून गेली. आयर्लंडमध्ये अन्न नव्हतं असं नाही. त्याच काळात तिथून धान्य, गुरं, लोणी भरून जहाजं इंग्लंडला जात होती, कारण तिथे गिऱ्हाईक होतं. मजुराच्या हातात पैसा नव्हता. १८४६ नंतरच्या लंडनमधल्या सरकारचा आणि खजिन्याचा कारभार पाहणाऱ्या चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांचा ठाम विश्वास होता की धान्याच्या व्यापारात सरकारने ढवळाढवळ केली तर बिघडेल. आणि तरी १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारने सूपची केंद्रं उघडली. ती ऐन भरात असताना रोज सुमारे तीस लाख लोकांना खायला मिळत होतं. एकोणिसाव्या शतकात, आजच्यासारखी कोणतीही साधनं नसताना, सरकारला तीस लाख माणसं जगवता येत होती! शरद ऋतूपर्यंत ती केंद्रं बंद झाली आणि भार गरिबांच्या मदतीसाठी कायद्याने बसवलेल्या स्थानिक करांवर टाकला गेला. मरणं पुढेही चालू राहिली. मला या गोष्टीचा आजही संताप येतो, आणि तो मी लपवणार नाही.

भूक बाजाराला ऐकू जात नाही. पैसे हातात धरलेली भूक ऐकू जाते.

समोरचा म्हणेल, तो बाजार कुठला, ती परकी सत्ता आणि जमीनदारी होती. त्यात तथ्य आहे. मग तूही म्हणशील, चीनमध्ये होता तो समाजवाद कुठला, ती हुकूमशाही होती. त्यातही तथ्य आहे. सूट मघाशी सांगितली तशी: दोघांना, नाहीतर कोणालाच नाही. आणि प्रेतांची बेरीज करून एक व्यवस्था दुसरीपेक्षा बरी ठरवण्याचा खेळ कोणी सुरू केला तर त्यात उतरू नकोस. त्याला विचार: ही माणसं मरत होती तेव्हा ते कोणाला कळायला हवं होतं, आणि का कळलं नाही, किंवा कळूनही का हललं नाही? या प्रश्नानंतर सभागृहाचा सूर बदलतो.

बंगालचा १९४३ चा दुष्काळ याच ओळीत येतो. वीस ते तीस लाख माणसं गेली. अमर्त्य सेन यांनी दाखवलं की अन्नाचा एकूण साठा किती होता एवढ्यावरून त्या मरणांचा उलगडा होत नाही. युद्धकाळात तांदळाचे भाव भडकले, शेतमजुराची मजुरी त्या प्रमाणात वाढली नाही, आणि तो विकत घेण्याच्या रांगेतूनच बाहेर फेकला गेला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’ने रस्त्यावर मरणाऱ्यांची छायाचित्रं छापली, तेव्हा कुठे जगाला गप्प बसणं अवघड झालं. सेन यांचंच पुढचं निरीक्षण तुला ठाऊक असेल: जिथे निवडणुका खऱ्या आहेत आणि वृत्तपत्रं मोकळी आहेत तिथे मोठ्या संख्येने माणसं मारणारा दुष्काळ पडत नाही. म्हणजे तिसराही कान आहे. तो मालकी कोणाची यावर अवलंबून नाही. किंमतीला ऐकू न आलेलं आणि अहवालात दडपलेलं, दोन्ही त्याला ऐकू येतं, अर्थात तो कापून टाकला नसेल तर. चिलीमध्ये १९७३ नंतर लष्करी राजवटीने बाजार मोकळा केला आणि तोंडं बंद केली. बाजार मोकळा म्हणजे माणूस मोकळा, असं समीकरण कोणी मांडलं तर हे आठव.

चीनची गोष्ट अर्धीच सोडली तर अन्याय होईल. १९७८ च्या हिवाळ्यात आन्हुई प्रांतातल्या श्यावगांग नावाच्या गावात अठरा शेतकऱ्यांनी गुपचूप एक करार केला. कम्यूनची जमीन घराघरांत कसायला वाटून घ्यायची, ठरलेला वाटा सरकारला द्यायचा, उरलेलं ज्याचं त्याने ठेवायचं. कागदावर अंगठे उमटवले. हे उघडकीला आलं आणि म्होरक्यांना तुरुंगात जावं लागलं, तर त्यांची मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची, हेही त्यातच लिहिलं. पुढच्या हंगामात पीक भरभरून आलं. काही वर्षांत ही पद्धत देशभर पसरली आणि कम्यून मोडीत निघाले. बाजाराच्या बाजूने बोलताना ही गोष्ट जरूर सांग, पण पूर्ण सांग. जमिनीची मालकी त्यानंतरही सामूहिकच राहिली. बदललं ते एवढंच की जो राबतो त्याला आपल्या राबण्याचं फळ दिसू लागलं. आणि एकमेकांची मुलं सांभाळण्याचं वचन बाजारातून आलेलं नव्हतं.

ऐकण्याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न आहे: चूक झाली तर ती कोण भोगतो? हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी समाजवादी देशांतल्या कारखान्यांचा अभ्यास करून दाखवलं की तोटा झाला तरी सरकार भरून देणार हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, तो कारखाना सुधारण्याच्या भानगडीत पडत नाही. बाजारवाले हा मुद्दा हिरिरीने मांडतात. मांडू दे. मग त्यांना २००८ साली घेऊन जा. वर्षानुवर्षं नफा खासगी होता. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली, आणि त्यानंतर बाकीच्या मोठ्या बँका तारायला सरकारी तिजोऱ्या उघडल्या. कोर्नाईंनी बुडापेस्टच्या कारखान्यांत जो रोग पाहिला तो न्यूयॉर्कच्या बँकांतही निघाला. बाजाराच्या सच्च्या समर्थकाने यावर सगळ्यांच्या आधी ओरडायला हवं, कारण बाजारात शिस्त येते ती बुडण्याच्या भीतीने. ती भीती फक्त लहानांना उरली तर मग उरलं काय?

आरोग्याचं वेगळं आहे, ते थोडक्यात सांगतो. अर्थतज्ज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्ये दाखवून दिलं की आजारपण कधी येईल ते सांगता येत नाही, आणि उपचार योग्य आहे की नाही हे विकणाऱ्याला विकत घेणाऱ्यापेक्षा फार जास्त कळतं. बेशुद्ध माणूस घासाघीस करत नाही. ब्रिटनने ५ जुलै १९४८ ला सगळ्यांसाठी आरोग्यसेवा सुरू केली ती याच जाणिवेतून. मात्र तिथे पैशाऐवजी प्रतीक्षायादी आडवी येते, हेही तूच सांग. आणि निसर्गाचा आवाज तर दोघांनाही ऐकू येत नाही. कोळशाच्या धुराने विषारी झालेल्या लंडनच्या धुक्याने डिसेंबर १९५२ मध्ये हजारो माणसं मारली. सोव्हिएत नियोजनाने कापसासाठी नद्या वळवून अरल समुद्र आटवला. जे अजून जन्मलेच नाहीत त्यांच्याकडे ना पैसा, ना मत.

आता माणसांबद्दल. या विषयावर बोलताना समोरच्याच्या हेतूवर कधीही जाऊ नकोस. बाजाराची बाजू घेणारा गरिबांचा द्वेष करतो आणि समाजवादाची बाजू घेणारा श्रीमंतांचा मत्सर करतो, ही दोन वाक्यं तोंडात आली की गिळून टाक. श्रोत्यांत कोणी असं असेल की ज्याच्या आजीने पावासाठी तासन्‌तास रांगेत उभं राहून आयुष्य काढलं, किंवा ज्याच्या वडिलांना खरं बोलल्याबद्दल रात्री उचलून नेलं. कोणी असंही असेल की ज्याच्या वडिलांची गिरणी एका सकाळी बंद झाली, आणि ‘बाजार आपोआप सावरतो’ हे वाक्य ऐकत ऐकत ते घरात बसून खचले. दोघांनाही तुझं भाषण ऐकायचंय. एकाचं दुःख दुसऱ्याच्या दुःखाला उत्तर म्हणून वापरलंस तर दोघंही दुखावतील, आणि तुझा मुद्दा कितीही बरोबर असला तरी त्यांच्यापर्यंत पोचणार नाही.

समोरच्याच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचं वाच. अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये बजावून ठेवलं होतं की एकाच धंद्यातली माणसं मौजेखातर जमली तरी बोलणं शेवटी गिऱ्हाइकांविरुद्धच्या कटावर नाहीतर भाव चढवण्यावर येतं. मार्क्स आणि एंगल्स यांनी १८४८ मध्ये कबूल केलं होतं की भांडवलदार वर्गाने जेमतेम शंभर वर्षांत आधीच्या सगळ्या पिढ्यांनी मिळून केली नसेल एवढी उत्पादनशक्ती उभी केली. नियोजनावर तुटून पडणाऱ्या हायेक यांनीही १९४४ मध्ये लिहिलं की अन्न, निवारा आणि कपडे एवढं सगळ्यांना मिळेल अशी तजवीज सुस्थितीतल्या समाजाला स्वातंत्र्य न गमावता करता येते. हे मोठे लोक आपल्या अनुयायांपेक्षा मोकळ्या मनाचे होते. त्यांचा आधार घेऊन बोललीस तर समोरच्याला तुझं म्हणणं झटकता येणार नाही.

तू विचारलंस, “सर, तुम्ही कोणत्या बाजूचे?” उडवाउडवी करणार नाही. ज्या वस्तूकडे पाठ फिरवून माणूस दुसरीकडे जाऊ शकतो, ती बाजारावर सोडावी असं मला वाटतं. किंमतीइतकं बारकाईने ऐकणारं दुसरं काही माणसाला अजून सापडलेलं नाही, आणि कोणाही मंडळाला ते जमेल यावर माझा विश्वास नाही. जिथून माणसाला पाठ फिरवताच येत नाही, म्हणजे आजारपण, बालपण, म्हातारपण, उपासमार, तिथे खिसा पाहून ऐकणारी व्यवस्था मला मान्य नाही. तो भार सगळ्यांनी मिळून उचलायचा. आणि या दोन्हींच्या वर मी मोकळ्या वृत्तपत्राला आणि निर्भयपणे टाकलेल्या मताला ठेवतो. हे माझं मत आहे. तुझं वेगळं झालं तर मला आनंदच होईल, फक्त ते वाचून, तपासून झालेलं असू दे. गावांनी मिळून सांभाळलेल्या कुरणांबद्दल, पाण्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जे काम केलं तेही वाच. मालक एक तर सरकार नाहीतर व्यक्ती, असं धरून चालणाऱ्यांना ते हलवून सोडतं.

तयारीचं म्हणशील तर आकडे कमी घे. पाच मिनिटांत तीन पुरेत, पण ते कुठून आले आणि त्यावर कोणाचा काय आक्षेप आहे हे तुला ठाऊक हवं. जिथे अभ्यासकांत एकमत नाही तिथे कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन्ही अंदाज सांग. त्याने तुझा मुद्दा कमकुवत होत नाही. प्रश्नोत्तरांत समोरच्याने चांगला मुद्दा काढला तर “हे बरोबर आहे” असं स्पष्ट म्हण आणि मग पुढे जा. परीक्षकांतले जाणते लोक त्याचे गुण देतात. न देणारेही असतात. त्यांच्यासाठी आपली रीत बदलायची नाही.

आणि पुन्हा कोणी ते वाक्य फेकलं, तर घाबरू नकोस. थोडं थांब. “हो, मेली,” असं म्हण. लुशानचं पत्र सांग. मग १८४७ च्या उन्हाळ्यातली ती तीस लाख माणसं सांग, आणि विचार की ती केंद्रं कोणाच्या हिशोबाने बंद झाली. एवढं बोलायला दोन मिनिटंही लागणार नाहीत, पण सराव कर, कारण घसा दाटून येतो.

स्पर्धेला अजून अवकाश आहे. तुझा कल समाजवादाकडे आहे हे पत्रावरून दिसतंच, म्हणून आधी बाजाराच्या बाजूचं भाषण लिही. असं लिही की ते वाचून हायेकच्या शिष्यालाही त्यात काही कमी वाटू नये. रविवारपर्यंत मला पाठव. तुझ्या बाजूचं त्यानंतर पाहू.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझे सर